तबकडी, कान आणि खिसा

गाण्याची तबकडी सुधारली की ती आधी श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जाते, हा नेम गेल्या सव्वाशे वर्षांत सहसा चुकलेला नाही. कंपन्यांचे इतिहास लिहिले जातात, गायकांची चरित्रे निघतात, संशोधकांचे पुतळे उभे राहतात. पण पगारातून चार पैसे बाजूला काढून यंदा प्लेअर, पुढल्या दिवाळीला अम्प्लिफायर, त्याच्या पुढल्या वर्षी स्पीकर अशी जमवाजमव करणाऱ्या माणसाचा इतिहास कोणी लिहीत नाही. खरे तर तबकडी जगते ती त्याच्या जिवावर. त्याने हात आखडता घेतला की भलीभली तबकडी कपाटात जाते. अशाच एका तबकडीची, किंवा भावकीत भांडलेल्या दोन तबकड्यांची, हकीकत येथे सांगायची आहे. पण तिची सुरुवात बरीच मागून करावी लागेल.

आपल्या बेळगाव-धारवाड पट्ट्याला तर या विषयाचे अगत्य असायलाच हवे. गदगच्या भीमसेन जोशींनी लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली आणि १९३३ साली ते गुरूच्या शोधात घराबाहेर पडले, ही कथा आपल्याकडे पोराबाळांनाही ठाऊक आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व लहान वयातच मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या जशाच्या तशा गाऊन दाखवीत. हुबळीच्या गंगूबाईंचे नाव आरंभीच्या तबकड्यांवर ‘गांधारी हुबळी’ असे छापले जाई. म्हणजे आपल्या भागातल्या गाण्याला गुरू जसा कारण झाला, तशीच तबकडीही झाली. आणि ती तबकडी घरोघर नव्हती. ती दुकानात, हॉटेलात किंवा गावातल्या एखाद्या ऐपतदाराच्या ओसरीवर वाजे. बाकीचे बाहेर उभे राहून ऐकत.

भारतात तबकडीसाठी पहिले ध्वनिमुद्रण झाले ते नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग यंत्र घेऊन आला होता. गौहरजान तबकडीच्या शेवटी इंग्रजीत आपले नाव उच्चारते, त्यात मिरवण्याचा भाग किती होता कोण जाणे. मुख्य कारण व्यावहारिक होते. तबकड्या छापल्या जात जर्मनीत हॅनोव्हर येथे, आणि तिथल्या कारागिरांना लेबल कोणत्या नावाचे लावायचे ते कळावे लागे. १९०८ साली कलकत्त्यात सियालदाला कारखाना निघाल्यावर तबकड्या इथेच छापल्या जाऊ लागल्या. गंमत अशी की, ज्या लाखेपासून त्या तबकड्या होत ती लाख हिंदुस्थानातूनच जगभर जाई. आपल्याच झाडावरची लाख सातासमुद्रापार जाऊन गाणे होऊन परत यायची आणि आपल्याच माणसाला परवडायची नाही.

त्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मावत. ख्याल हा काही तीन मिनिटांचा ऐवज नव्हे. जुन्या गवयांनी त्या तेवढ्या जागेत राग उभा करून दाखवला हे त्यांचे कसब. तबकडीची मर्यादा त्यामुळे नाहीशी होत नाही. दुसरी मर्यादा स्वरांची. १९२५ पूर्वी कर्ण्यात गाऊन जे ध्वनिमुद्रण होई त्यात सुमारे अडीच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही उमटतच नसे. विजेचे मायक्रोफोन आल्यावर ही मजल पाच-सहा हजारांपर्यंत गेली. निरोगी तरुण कानाला वीस हजारांपर्यंत ऐकू येते, हे लक्षात घेतले म्हणजे आपण काय गमावत होतो ते कळेल. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

१९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी काढली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटे. आपल्याकडे तिने खरा उपकार केला तो ख्यालावर. अमीर खाँसाहेबांची एक बाजू मारव्याची आणि दुसरी दरबारीची ती तबकडी ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. विलंबित लयीला प्रथमच बसायला पाट मिळाला.

पण नुसती तबकडी सुधारून भागत नाही. तिच्यात भरलेले बाहेर काढायला तसे यंत्र लागते, आणि इथेच जमवाजमव करणाऱ्यांचा इतिहास सुरू होतो. १९४७ साली इंग्लंडमधील ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात विल्यमसन नावाच्या तंत्रज्ञाने एका अम्प्लिफायरचा आराखडा प्रसिद्ध केला. बाजारातल्या महागड्या यंत्रांनाही ऐकणार नाही इतका त्याचा आवाज स्वच्छ, आणि आराखडा सर्वांना खुला. जगभरच्या हौशी लोकांनी तो डाक देऊन घरी बांधला. पुढे फिलाडेल्फियाच्या डेव्हिड हाफलर याने सुटे भाग आणि तयार सर्किट बोर्ड एका खोक्यात घालून विकायला सुरुवात केली. १९५९ सालचा त्याचा स्टिरिओ-७० हा संच शंभर डॉलरला पाच सेंट कमी इतक्या किमतीला मिळे आणि ज्याला डाक देता येते असा कोणीही तो एका संध्याकाळी जोडी.

स्पीकरची गोष्ट याहून मोठी आहे. त्या काळी खर्जाचा आवाज नीट हवा असेल तर स्पीकरची पेटी कपाटाएवढी लागे. १९५४ साली एडगर व्हिल्चर या अध्यापकाने हेन्री क्लॉस या आपल्या विद्यार्थ्याला बरोबर घेऊन अकाउस्टिक रिसर्च नावाची कंपनी काढली. त्याची युक्ती साधी होती. स्पीकरचा पडदा ज्या ताठ कडेने धरलेला असतो ती सैल करायची, पेटी हवाबंद करायची आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम द्यायचे. हवेची स्प्रिंग कापडाच्या किंवा कागदाच्या कडेपेक्षा कितीतरी सरळ वागते. त्यामुळे पेटी लहान होऊनही खर्ज खोल आणि शुद्ध येऊ लागला. पुस्तकाच्या फळीवर बसेल एवढ्या पेटीतून कपाटाचा आवाज! या कंपनीने सभागृहांत जाहीर प्रयोग केले. मंचावर फाइन आर्ट्स क्वार्टेट हा वाद्यवृंद वाजवत असे, मध्येच कलावंत नुसते हातवारे करीत आणि आवाज स्पीकरमधून येई. प्रत्यक्ष वादन कुठे संपले आणि ध्वनिमुद्रित कुठे सुरू झाले हे श्रोत्यांना ओळखता येत नसे. व्हिल्चरचे पेटंट पुढे वादात टिकले नाही, आणि तो वरच्या कोर्टात गेला नाही. त्याचा फायदा तुम्हाआम्हाला झाला, कारण मग ही पेटी सगळेच करू लागले.

आपल्याकडे याच तत्त्वाचा एक देशी चुलतभाऊ होता, त्याची नोंद कोणत्याही ग्रंथात सापडायची नाही. मातीच्या माठाच्या तोंडावर स्पीकर पालथा बसवायचा, कडेने एम-सील किंवा कापूस भरायचा आणि माठ खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून ४४४० नंबरच्या आयसीवर बांधून घेतलेला अम्प्लिफायर, ट्रान्सफॉर्मर बाहेर उघडा, आणि कोपऱ्यात घुमणारा माठ. खर्ज असा यायचा की शेजारचे भांडायला यायचे. तो आवाज शुद्ध होता असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, पण कोंडलेली हवा कामाला लावण्याची अक्कल मात्र तीच होती. विदेशी मालावर जबर जकात होती त्या दिवसांत ज्यांचे कोणी आखातात नव्हते त्यांना माठाखेरीज गत्यंतर नव्हते. ज्यांचे होते, त्यांच्या घरी सुट्टीबरोबर टू-इन-वन येई आणि त्यावर भरतकाम केलेले आच्छादन पडे.

पैसा कशावर घालावा हा वाद १९७० च्या दशकात पेटला. व्हिल्चरच्या काळापासून समजूत अशी की निम्मे पैसे स्पीकरवर घालावेत, कारण सर्वांत जास्त बिघाड तोच करतो. ग्लासगोच्या लिन कंपनीचा आयव्हर टिफेनब्रुन म्हणू लागला, उलटे करा. तबकडी फिरवणारे यंत्रच उत्तम घ्या, कारण मुळात जे उचलले गेले नाही ते पुढे कोणी आणून देणार नाही. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते, पण काळ टिफेनब्रुनच्या बाजूने फार दिवस राहिला नाही. १९७८ साली नॅड कंपनीचा ३०२० हा अम्प्लिफायर आला. कागदावर वीस वॉट, दिसायला राखाडी खोका, आणि किंमत इतकी बेताची की विद्यार्थीही घेत. अवघड स्पीकरही त्याने निमूट वाजवले. आणि चारच वर्षांत फिरत्या तबकडीचा सगळा प्रश्नच बदलला.

१ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानात सोनीचा सीडी प्लेअर विक्रीस आला. किंमत १,६८,००० येन. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून ठरवलेल्या या बारा सेंटिमीटरच्या तबकडीत दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचे माप घेतले जाते आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहिले जाते. ४४,१०० हा विचित्र आकडा कुठून आला? वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज टिपायचा तर त्याच्या दुपटीहून अधिक मापे लागतात, हे झाले शास्त्र. नेमका आकडा मात्र व्हिडिओ टेपने दिला. त्या वेळी एवढी माहिती साठवायला व्हिडिओ रेकॉर्डरखेरीज दुसरे साधन नव्हते. अमेरिकी-जपानी पद्धतीत सेकंदाला ६० चित्रक्षेत्रे, प्रत्येकात कामाच्या २४५ ओळी, ओळीत तीन मापे, गुणाकार ४४,१००. युरोपच्या पद्धतीत ५० गुणिले २९४ गुणिले तीन, उत्तर तेच. जगभरच्या संगीताचे माप असे दूरदर्शनच्या ओळींनी ठरले.

दहा-बारा वर्षांत सीडी प्लेअर स्वस्त झाला. स्वस्त प्लेअर आणि महाग प्लेअर यांतला फरक इतका कमी झाला की टिफेनब्रुनचा सिद्धान्त लंगडा पडला आणि व्हिल्चरचा पुन्हा उभा राहिला. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने हा सुवर्णकाळच म्हणायला हवा. पण कंपन्यांना सुवर्णकाळ चालत नाही. सीडीची पेटंटे संपत आलेली, संगणकावर सीडीची नक्कल करणे पोरखेळ झालेला. तेव्हा याहून बारीक मापाची तबकडी निघाली. आणि एक निघाली असती तरी ठीक होते, निघाल्या दोन.

१९९९ साली सोनी-फिलिप्सने सुपर ऑडिओ सीडी आणली. तिच्यात एकेका बिटाचे माप, पण सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० वेळा. सीडीच्या बरोबर चौसष्टपट. सोनीचा पहिला प्लेअर अमेरिकेत पाच हजार डॉलरचा. दुसऱ्या गटाने, म्हणजे मात्सुशिता, तोशिबा आदींनी, डीव्हीडी-ऑडिओ काढली. तिच्यात २४ बिटांचे माप, सेकंदाला १,९२,००० वेळांपर्यंत. किंवा सहा वाहिन्यांत प्रत्येकी ९६,०००. ती १९९९ च्या अखेरीसच यायची होती, पण तेवढ्यात डीव्हीडी चित्रपटांचे कुलूप हौशी संगणकवाल्यांनी फोडले आणि नवे कुलूप घडवण्यात २००० साल उजाडले. एका गटाची तबकडी दुसऱ्या गटाच्या यंत्रावर वाजत नसे. व्हिडिओ कॅसेटच्या भांडणात पोळून निघालेल्या गिऱ्हाइकाने हे पाहिले आणि पाकीट परत खिशात ठेवले.

याच वेळी, ऑक्टोबर २००१ मध्ये, ॲपलचा आयपॉड आला. म्हणजे एकीकडे ध्वनीचे तंत्रज्ञ चौसष्टपट बारीक मापे घेत होते आणि दुसरीकडे जग सीडीच्याही एका अंशात पिळून बसवलेले गाणे खिशात घालून हिंडत होते. या तबकड्यांच्या बाजूने कोण उभे राहिले? पुन्हा तोच, जमवाजमव करणारा.

त्याच्या मदतीला दोन्ही तबकड्या वाजवणारे प्लेअर आले. पायोनियरने आरंभी महाग यंत्रे काढली, पण २००३ च्या सुमारास त्यांचा डीव्ही-५६३ए अमेरिकेत अडीचशे डॉलरच्या आतबाहेर मिळू लागला. सोनीच्या पहिल्या यंत्राच्या विसाव्या हिश्शात दोन्ही भांडखोर एका खोक्यात! २००६ साली ओप्पोचा प्लेअर दीडशेवर आला. त्याच वर्षी निघालेल्या पहिल्या प्लेस्टेशन-३ या खेळाच्या यंत्रातही सुपर ऑडिओ सीडी वाजत असे. पुढच्या आवृत्त्यांतून ती सोय काढून टाकण्यात आली.

पण प्लेअर आणला आणि संपले असे नव्हते. चोरीच्या भीतीने कंपन्यांनी उच्च प्रतीचा आवाज नेहमीच्या डिजिटल वायरीतून बाहेर सोडायला बंदी केली होती. त्यामुळे प्लेअरच्या पाठीमागून सहा वेगळ्या वायरी काढून रिसीव्हरच्या सहा खोबणींत खोचाव्या लागत. आणि बऱ्याच रिसीव्हरांत या सहा खोबणींतून आलेल्या आवाजाला खर्ज वेगळा करून मोठ्या स्पीकरकडे पाठवण्याची सोयच नसे. परिणामी लहान स्पीकर विकत घेतलेल्या माणसाला साध्या डीव्हीडीवरचा चित्रपट भरदार ऐकू येई आणि ही राजस तबकडी मात्र पोकळ. डीव्हीडी-ऑडिओ लावायची तर यादी बघायला टीव्हीही चालू करावा लागे. गाणे ऐकण्याआधी एवढे विधी करणारा यजमान विरळाच. एचडीएमआयच्या एका वायरीतून हे सारे जाऊ लागले ते २००४-०५ मध्ये सुधारलेली मानके आल्यावर. तोवर वरात पुढे निघून गेली होती.

आता मुख्य प्रश्न. इतके करून ऐकू काय येते? बोस्टन ऑडिओ सोसायटीच्या मेयर आणि मोरन या दोघांनी याची परीक्षा घेतली आणि २००७ साली निष्कर्ष छापले. त्यांनी या नव्या तबकड्या उत्तम यंत्रांवर लावल्या आणि मध्ये एक गुप्त कळ बसवली. कळ दाबली की तोच आवाज सीडीच्या मापाच्या गाळणीतून जाऊन येई. ऐकणाऱ्याने ओळखायचे, गाळणी आहे की नाही. ५५४ वेळा विचारले, २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवले असते तरी एवढेच आले असते. त्यांच्या परीक्षेवर आक्षेपही आले. काही तबकड्या मुळातच कमी मापाच्या ध्वनिमुद्रणांवरून केलेल्या होत्या, हा त्यांतला वजनदार. पुढे २०१६ साली लंडनच्या जोशुआ रीस यांनी अशा अठरा प्रयोगांचे आकडे एकत्र केले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. शिकवून तयार केलेल्या कानांचे त्याहून बरे. म्हणजे फरक आहे, पण केसाएवढा.

आणि तरीही या तबकड्या कानाला अनेकदा सरस लागत, हे मेयर-मोरन यांनीही नोंदवले आहे. त्यांनी दिलेले कारण मला फार पटते. त्या काळच्या सीड्या मोटारीत आणि बाजारात मोठ्याने ऐकू याव्यात म्हणून दाबून, चेपून काढल्या जात; हळू आणि जोर यांतले अंतरच मारले जाई. नव्या तबकड्या मोजक्या दर्दींसाठी होत्या, म्हणून त्या काळजीने केल्या गेल्या. गुण मापाच्या बारकाईचा कमी आणि करणाऱ्याच्या मेहनतीचा जास्त.

हे कळले की खिशाचा हिशोब सोपा होतो. माझे मत विचाराल तर प्लेअरवर कमीत कमी घालावे. ओप्पोने २०१८ साली नवे प्लेअर करणे थांबवले, तरी जुन्या बाजारात दोन्ही तबकड्या वाजवणारी यंत्रे मिळतात; घेताना ट्रे बाहेर येतो का आणि भिंग तबकडी लगेच ओळखते का, एवढे दुकानातच पाहावे. सहा वाहिन्यांच्या नादी न लागता दोनच स्पीकर घ्यावेत, पण चांगले. चार-पाच इंची पडद्याच्या पेटीतून बायाँची घुमक पूर्ण येत नाही. सहा-साडेसहा इंचांच्या खाली जाऊ नये. तंबोऱ्याची जव्हारी वरच्या स्वरांत असते, तिथे स्पीकर कर्कश नाही ना हे आपल्या ओळखीची तबकडी नेऊन ऐकावे. अम्प्लिफायर चाळीस-पन्नास वॉटांचा, जुना असला तरी हरकत नाही. उरलेले लक्ष खोलीकडे द्यावे. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती असलेल्या खोलीत लाखाचे यंत्रही किणकिणते. एक जाड सतरंजी आणि पुस्तकांचे कपाट जे काम करते ते २४ बिटांना जमत नाही.

आपल्या गाण्याच्या वाट्याला या तबकड्या फार थोड्या आल्या. विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांचे सप्टेंबर १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात सान्ता बार्बराच्या एका चॅपेलमध्ये टिपलेले वादन सुपर ऑडिओ सीडीवर निघाले. ते मुळात काळजीपूर्वक टेपवर घेतले होते, म्हणून त्याला अर्थ आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांना मात्र या तबकडीवर बसवून काही मिळणार नाही. पाच-सहा हजार हर्ट्झला संपलेला आवाज सीडीत ऐसपैस मावतो. त्यांच्यासाठी हवी ती न झिजलेली तबकडी, योग्य जाडीची सुई, फिरण्याचा बरोबर वेग आणि खरखर काढताना स्वरही खरवडून न काढणारा हात. साठ-सत्तरच्या दशकांतल्या मूळ टेपांची गोष्ट वेगळी. तिथे वरचे स्वर अजून शिल्लक आहेत, आणि टेपवरचा लेप सुटायला लागण्यापूर्वी त्या २४ बिटांत उतरवणे हेच या बारीक मापाचे आपल्याकडचे खरे काम आहे.

डीव्हीडी-ऑडिओ दहा वर्षांच्या आत जवळजवळ विझली. सुपर ऑडिओ सीडी पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मंडळींत आणि जपानात अजून निघते. तिला वाचवले ते एका जुन्या सोयीने. तिच्या बऱ्याच तबकड्यांत दोन थर असतात, एक बारीक मापाचा आणि दुसरा साध्या सीडीचा. २००२ साली रोलिंग स्टोन्सचे जुने संच अशा तबकड्यांवर पुन्हा निघाले तेव्हा वेष्टनावर त्याचा ठळक उल्लेखही नव्हता. घरात सुपर ऑडिओ सीडी आहे हे न कळताच लोकांनी त्या नेल्या. त्या आजही कुठल्याही जुन्या सीडी प्लेअरमध्ये वाजतात.